विषय: बाबांची ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ गाडी

प्रेषक: विनू

मंडळी, सप्रेम नमस्कार.

विषय आपल्या ब्रिटनमधल्या मराठी मंडळाचा नाही, पण या यादीवर निम्मे लोक पुण्याचे आणि उरलेले पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलेले, म्हणून विचारतोय.

फेब्रुवारीत बाबांनी (वय ७४, सहकारनगर) जुनी गाडी घेतली. पैसे मी इथून पाठवले, गाडी त्यांनी निवडली. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, वरचं मॉडेल, दोन एअरबॅगवालं. ४१ हजार किलोमीटर, किंमत ४ लाख ८५ हजार. विकणारा जुन्या गाड्यांचा डीलर, नाव इथे लिहीत नाही. ‘काका, सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, डॉक्टरांनी वापरलेली’ हे वाक्य बाबांनी मला फोनवर तीनदा ऐकवलं. डॉक्टर म्हटलं की आमच्या घरात चर्चा संपते.

गाडी डावीकडे ओढते आणि पुढचा डावा टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाला, म्हणून परवा बाबा कर्वे रस्त्यावर अलाइनमेंटला गेले. टायर नवे टाकून तीन हजार किलोमीटरही झालेले नाहीत. मशीनवरचा पोरगा म्हणाला, “आजोबा, टो बसतोय, कॅम्बर बसत नाही. गाडी ठोकलेली आहे.” (टो म्हणजे वरून बघता चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, कॅम्बर म्हणजे समोरून बघता चाक किती कललंय ते.) बाबा त्याच्यावर चिडले, पैसे टेकवले आणि घरी आले. रात्री मात्र स्वतःच बॅटरी घेऊन खाली गेले, बॉनेट उघडलं आणि मला दोन फोटो पाठवले. सोबत एक शब्द नाही. उजव्या ॲप्रनवर (बॉनेटखाली चाकाच्या बाजूचा आतला पत्रा) सांधा बुजवणाऱ्या सीलंटची रेघ सरळसोट आहे. डावीकडे कुणीतरी ब्रशने फासल्यासारखी.

गाडी चालवण्यालायक आहे का? आणि आता काही करता येतं का?

विनू

---

प्रेषक: नाना

चि. विनू,

पैशांचं नंतर. आधी एअरबॅग.

चावी ऑनवर फिरवली की डॅशबोर्डवर माणूस आणि फुग्याचं चित्र असलेला दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. लागायलाही हवा आणि विझायलाही हवा. विझला नाही तर यंत्रणेत बिघाड. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद केलाय, आणि उगाच कुणी करत नाही. काही हुशार मंडळी हा दिवा दुसऱ्याच दिव्याच्या वायरीला जोडतात, किंवा एअरबॅगच्या जागी रेझिस्टर बसवतात. मग दिवा शहाण्यासारखा वागतो आणि आत काही नसतं. म्हणून दिव्यावर थांबू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून घ्या. सीटबेल्टच्या लेबलवरची तारीखही बघायला सांग. तिथे २०१८ ऐवजी भलतंच साल निघालं तर बेल्ट बदललाय, आणि बेल्ट कुणी हौसेने बदलत नाही.

त्या पोरावर बाबा उगाच चिडले. छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब. त्यात टो फिरवायची सोय असते, कॅम्बर बहुतेक गाड्यांत फिरवताच येत नाही, तो घडणीतच ठरतो. तो मापाबाहेर गेला म्हणजे काहीतरी वाकलंय. चाक धरून ठेवणारे लोअर आर्म, नकल, स्ट्रट, नाहीतर स्ट्रट ज्याला धरून उभा असतो तो ॲप्रन. पहिल्या तिन्ही वस्तू नाना पेठेत मिळतात, बदलून मोकळं व्हायचं. ॲप्रन मात्र कापून वेल्ड करावा लागतो, आणि गाडी जिगवर (सांगाडा मापात धरणाऱ्या चौकटीवर) न चढवता केलं की मिलिमीटरांचा हिशेब कायमचा चुकतो. तुझ्या फोटोत मला तेच दिसतंय. कारखान्यात स्पॉट वेल्डचे खळगे सारख्या अंतरावर पडतात. डावीकडचे मोजून बघ, एक तर अंतर वेडंवाकडं असेल नाहीतर खळगे पुट्टीखाली गेले असतील.

आणखी बघायचं म्हणजे बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. दोन्ही हेडलाइटच्या मागे बनवल्याची तारीख असते, ती जुळते का? काचांवरचं सालही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुट्टी असली की आकडा कित्येक शेकड्यांत जातो. यंत्र नसेल तर फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून फिरवा, जाड पुट्टीवर ते धरत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर फिरवू नका म्हणजे झालं, आमचे एक शेजारी तेवढ्यावरून डीलरशी भांडून आले होते.

आणि सहकारनगर म्हणतोस तर डिकीतली चटई उचलून स्टेपनीचा खड्डाही बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने त्या भागात गाड्या कशा वाहून नेल्या ते आठवत असेल. सीटच्या रुळांत वाळलेला गाळ सापडला तर ती वेगळीच कथा.

आयुष्य पिंपरीत बॉडी शॉपमध्ये गेलं, म्हणून लांबलं.

नाना

---

प्रेषक: बंड्या

विन्या, डोक्याला ताप करून घेऊ नकोस. रंग चकाचक आहे ना? नवीन गाडीच्या शोरूममध्ये एक्स्चेंजला घाल. चाळीस-पन्नास हजारांचा फटका बसेल, विषय संपला. इथे ब्रिटनमध्ये असं चालत नाही म्हणा.

---

प्रेषक: ताई

बंड्या, म्हणजे ती गाडी तिसऱ्या कुणाच्या बाबांच्या गळ्यात मारायची. छान.

विनू, मी निवृत्तीपर्यंत पुण्यात वाहन विम्याचे क्लेम बघत होते. बाबांकडे जुन्या मालकाची पॉलिसी फाइलला असेल. त्यात नो क्लेम बोनसचा रकाना बघ. क्लेम नसेल तर बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर जातो. एकच मालक, सहा-सात वर्षांची गाडी, म्हणजे ५० दिसायला हवा. शून्य दिसला तर त्याच्या आदल्या पॉलिसीत क्लेम झालेला असू शकतो. नूतनीकरण नव्वद दिवसांहून जास्त राहिलं तरी बोनस जातो, म्हणून एवढ्यावर उडी मारू नकोस. पण प्रश्न विचारायला तो रकाना पुरेसा आहे. एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालक, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा सगळं दिसतं, अपघात दिसत नाही. त्यासाठी आरसी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं आणि बॉडी शॉपची जॉब कार्डं मागायची.

गाडी सध्या दुरुस्त करू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. लोक आधी चार हजार खर्च करून आर्म बदलतात आणि मग ग्राहक आयोगापुढे दाखवायला काही उरत नाही. परवानाधारक सर्व्हेअरकडून (विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासणारा) फोटोंसह लेखी अहवाल घ्या. डीलरने व्हॉट्सॲपवर ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ लिहिलं असेल तर तो फोन जपून ठेवा, नुसते स्क्रीनशॉट नकोत.

मग नोटीस, आणि दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. डीलर धंदा म्हणून विकतो, त्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो बसतो. ओएलएक्सवरून परस्पर एखाद्या गृहस्थाकडून घेतली असती तर दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागली असती. मुदत दोन वर्षं. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, म्हणजे बाबांची घासाघीस इथे कामी आली. तक्रार बाबांच्या नावाने करा, आरसी त्यांची आहे आणि राहतातही तिथेच. तुझ्या खात्यातून त्यांच्या खात्यात पैसे गेल्याचा कागद फक्त सोबत जोडा. पावतीवर ‘जशी आहे तशी’ लिहून सही घेतली असेलच. त्याने घाबरू नका. दोष माहीत असून रंगाखाली लपवणं १८७२ च्या करार कायद्यात फसवणूकच आहे, तिला त्या ओळीचं पांघरूण पुरत नाही. एक मात्र, त्याला माहीत होतं हे दाखवावं लागेल. म्हणून जॉब कार्डावरची तारीख आणि त्याने गाडी ताब्यात घेतल्याची तारीख, दोन्ही हव्यात. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाने त्याला गाडी सोपवली की तेही आरटीओला कळवावं लागतं. अधिकारपत्र दुकानात लावलेलं होतं का, बाबांना विचार. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवून ठेवा, कधीकधी तेवढ्यानेही डीलर बोलायला येतो.

ताई

---

प्रेषक: नाना

बंड्या, ब्रिटनचं म्हणशील तर विमा कंपनीने राइट-ऑफ केलेल्या (निकालात काढलेल्या) पण दुरुस्त होण्याजोग्या गाडीवर २०१७ पासून एस (सांगाड्याला इजा) नाहीतर एन (सांगाडा शाबूत) असा वर्ग लागतो आणि डीलरकडून घेतलेली सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते, हे खरं. पण ज्याने विम्याला न कळवता गल्लीतल्या गॅरेजात काम उरकलं, त्याची नोंद इथेही नसते. तुझी गेल्या वर्षीची निळी गाडी तू चुंबक लावून बघितली होतीस का?

---

प्रेषक: संयोजक

निळ्या गाडीची चर्चा कृपया खासगीत करावी. गणपतीच्या जेवणाची नावं रविवारपर्यंत.

---

प्रेषक: विनू

मंडळी, उशीर झाला, कळवतो.

नानांचा मेल बाबांना वाचून दाखवला. ते खाली गेले आणि चावी फिरवल्याचा व्हिडिओ पाठवला. दिवा लागतच नाही. सर्व्हिस सेंटरने स्कॅन केलं, शेजारच्या सीटची एअरबॅग जागेवर नाही. डॅशबोर्ड बाहेरचा आणून बसवलाय, त्यावर झाकण आहे, आत पोकळी. आई तिथेच बसते. मागच्या महिन्यात दोघं नवले पुलावरून नसरापूरला जाऊन आले होते.

पॉलिसीत बोनस शून्य. ती फेब्रुवारीपासून बाबांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. बॉडी शॉपचं जॉब कार्डही मिळालं, एस्टिमेट आहे पण बिल नाही, म्हणजे काम बाहेर झालं. आणि त्यावरचं ग्राहकाचं नाव डीलरचंच. डॉक्टरांनी गाडी ठोकून तशीच विकली आणि याने उचलून सजवली. ताई, तुम्ही म्हणत होता ती तारीख हीच असावी.

डीलर आधी म्हणाला, “काका, जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार असतंच.” सर्व्हेअरचा अहवाल दाखवल्यावर गाडी परत घ्यायला तयार झाला, ६० हजार ‘वापराचे’ कापून. मी हो म्हणालो असतो. बाबा नाही म्हणाले. त्यांनी फुलस्केपवर स्वतःच्या अक्षरात नोटीस लिहिली, कार्बन लावून तीन प्रती, आणि स्पीड पोस्टने पाठवली. वकिलांनी वाचून दोन वाक्यं काढायला सांगितली, त्यातलं एकच काढलं. आज पंधरा दिवस झाले. गाडी झाकून ठेवलीये, बाबा मंडईत बसने जातात.

मी निवडीबद्दल काही बोललो नाही, त्यांनीही विषय काढला नाही. फक्त त्या अलाइनमेंटवाल्या पोराला पेढे देऊन आले, असं आईकडून कळलं.

नाना, बाबा विचारतायत की रंगाची जाडी मोजायचं ते यंत्र कुठलं घ्यावं. समोरच्या बिल्डिंगमधले काका रविवारी गाडी बघायला निघालेत आणि त्यांनी बाबांना सोबत बोलावलंय.

विनू