मदत हवी आहे: कॅपच्या मापासाठी हिरडीत दोरा भरावा की पेस्ट?

नमस्कार मंडळी. आईच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालंय, आता कॅप बसवायची आहे. वय 67, बीपीची गोळी चालू. माप घेण्याआधी हिरडी बाजूला सारायला डॉक्टर दोरा भरणार आहेत.

दोन वर्षांपूर्वी तिच्याच वरच्या दाताला असाच दोरा भरला होता. घरी येऊन चूळ भरली तर पाणी गुलाबी, आणि हिरडीची कड आठवडाभर लालबुंद. पुढे ती कड वर सरकली. आता कॅपच्या वर मुळाची पिवळसर रेघ दिसते, गार पाणी झोंबतं. हिरडी मुळात पातळ, त्यात दोरा जोरात दाबला गेला असावा असं मला वाटतं.

अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या दोऱ्याने बीपीवाल्यांना धडधड होऊ शकते, म्हणून अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचाच (हेही रक्त थांबवणारं औषध) वापरा असं सांगणार आहे.

इथल्या दंतवैद्यांना विचारायचंय: पेस्टने हिरडी कमी दुखावते, पण कॅपसाठी घासलेल्या दाताची कड हिरडीखाली खोल असेल तर पेस्ट पुरते का? ब्रश करताना आईला अजून रक्त येतं. आधी हिरडी बरी करून मगच माप घ्या, असा आग्रह धरू का? गुरुवारी जायचंय, कृपया त्याआधी सांगा.