युद्धाची वेळ आलीच तर वाडीने स्वतःपुरती काय तयारी ठेवावी?

पाखाडीवरचा
७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावापासून हा विषय डोक्यात आहे. गुहागर तालुक्यातली वाडी, २२ घरं, निम्म्या घरांत फक्त साठीपुढची माणसं, बाकी चाकरमानी मुंबईला. सायरन इथवर ऐकू येत नाही. बाहेरची मदत यायला दोन तास लागतील असं धरून काय ठेवावं? बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करावा, असंही काहीजण म्हणतायत.

जांभा_चिरा
बंदूक राहू द्या, आधी उजेड बघा. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे विमानाला वस्ती दिसू नये म्हणून अंधार करतात तेव्हा, खिडक्या सगळे झाकतात, पण कौलारू घरात उजेड वर जातो तो काचेच्या कौलातून. त्याला आतून गोणपाट लावून ठेवा. दुसरी फसगत चार्जिंगच्या बल्बची: मेन स्विच पाडला की ते आपोआप पेटतात. तेव्हा बल्बचं बटणच बंद करायचं. फाटकावरचे सोलर दिवे काढून घरात घ्या.

सायरनचा आवाज वरखाली होत राहिला तर धोका, एकसुरात लांब वाजला तर धोका टळला. वाडीसाठी हीच खूण ढोलावर ठरवा: थांबून थांबून ठोके म्हणजे धोका, सलग म्हणजे मोकळं. देवळातली घंटा आरतीलाही वाजते, ती नको.

मोबाइलवर विसंबू नका. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, टॉवरही बंद पडले. सेलवर चालणारा रेडिओ दर चार-पाच घरांमागे एक तरी हवाच. सेल मात्र बाहेर काढून ठेवा, पावसाळ्यात आतच फुटून रेडिओ खातात.

खाडीपलीकडे
परवान्याबद्दल. तो लवकर मिळत नाही, आणि सराव नसलेल्या हातातली बंदूक पहिल्यांदा घरच्यांनाच धोका. शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती वा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्यात, लाठीचं तर नाव घेऊन. पण कोयते घेऊन रात्रभर रस्त्यावर गस्त घातलीत, तर अनोळखी वाटसरूच मार खाईल आणि गुन्हा तुमच्यावर.

भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. पोलिसांना कळवायला वेळ होता तर हा हक्कच सांगता येत नाही. पळणाऱ्याला गाठून मारलं तर तो बचाव राहत नाही.

समुद्राकडे मात्र डोळा ठेवाच. १९९३ ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरली, २००८ ला मुंबईवरचे हल्लेखोर बोटीनेच आले. अनोळखी होडी दिसली तर सागरी पोलिसांच्या १०९३ ला फोन करा: होडीचा नंबर, रंग, माणसं किती, कुठल्या दिशेने, किती वाजता. होडी घालून अडवायला जाऊ नका.

पाखाडीवरचा
पाण्याचं? विहिरीवर पंप आहे, रहाट कधीच काढून टाकला.

जांभा_चिरा
मग कप्पी, पोहरा आणि विहिरीच्या खोलीपेक्षा ५ फूट जास्त दोर आजच आणा. वीज गेली की पंप मेला.

शुद्धीकरणाला १००० लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर. व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर असेल तर साधारण १४,००० लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते. बादलीत कालवा, ५-१० मिनिटं पावडरीतला चुना खाली बसू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली पाण्यात बुडवून वरखाली करत ढवळा. तासाभराने पाणी वापरा. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. पावडर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. उघडी पिशवी आपल्या दमट हवेत नुसता चुना होऊन बसते. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबली नाही तर टाकून द्या.

खाडीपलीकडे
रक्तस्रावाचंही शिकून घ्या, दोन तासांत माणूस त्यानेच जातो. स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना, तरच जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, दोन इंच रुंद पट्टी बांधा आणि काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. सुतळी नको, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ कपाळावर पेनाने लिहा आणि डॉक्टरपर्यंत ती पट्टी सैल करू नका.