शब्दचर्चा : टीप, बक्षिसी की सेवाशुल्क?

मूळ प्रश्न :
रेस्टॉरंटमधल्या वेटरना टीप द्यावी की प्रथाच बंद करावी, या वादावरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करते आहे. पहिल्याच परिच्छेदात अडले. लेखात तीन शब्द येतात, टिप, ग्रॅच्युइटी आणि सर्व्हिस चार्ज, आणि लेखक ते एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिल्या दोन्हींना ‘बक्षिसी’ लिहून पाहिलं, तर त्याचा मुद्दाच उलटतो. तो म्हणतो, हे पैसे म्हणजे कामगाराच्या मजुरीचा भाग आहेत. मराठीत ‘बक्षिसी हा मजुरीचा भाग आहे’ हे वाक्य उभंच राहत नाही. काय करावं? आणि ‘सर्व्हर’ या माणसाला काय म्हणू?

प्रतिसाद :
शेवटचं आधी. ‘सर्व्हर’ नको, वाचकाला बंद पडलेली वेबसाइट आठवेल. ‘वाढपी’ पंगतीतला, तो बिल आणत नाही. ‘वेटर’च ठेवा. मनात पुरुषच उभा राहतो हे खरं, पण ते एखाद्या वाक्यात ‘वेटर तरुणी’ आली की निभावतं.

टिपेला ‘टीप’च म्हणा. लोक तेच म्हणतात. बक्षिसी आता फक्त भाषांतरातच सापडते.

प्रतिसाद :
टीप या बिचाऱ्या शब्दावर आधीच किती ओझं! पानाखालची टीप, शिवणाची टीप, गाण्यातली टीप, पोलिसांना खबऱ्याने दिलेली टीप. आता त्यात पैसेही. बक्षिसीत काय वाईट आहे? फारसीतून आला, मुरला, नेमका अर्थ देतो : खूश होऊन दिलेलं.

प्रतिसाद :
‘खूश होऊन’ हीच तर अडचण. बक्षीस हा शब्द शर्यतीतल्या पहिल्या नंबरापुरता उरलाय असं आपण धरून चालतो, पण कागदोपत्री तो त्याच्या जुन्या अर्थासह जिवंत आहे. घर मुलीच्या नावावर करताना आपण ‘बक्षीसपत्र’ करतो ना? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १२२ अशा बक्षिसाची व्याख्या देतं : स्वेच्छेने आणि विनामोबदला केलेलं हस्तांतरण. यातला ‘विनामोबदला’ पाहा. मोबदला घेऊन दिलं तर ते बक्षीसच नव्हे.

म्हणजे ‘वेटरला बक्षिसी दिली’ असं लिहिलं की आपण नकळत एक बाजू घेतली. त्याच्या कामाचे पैसे मालकाने चुकते केलेत, हे वरचे माझ्या मर्जीचे, असं ते वाक्य बोलतं. ‘टीप प्रथा कायम असावी’ म्हणणाऱ्याच्या तोंडी तो शब्द चपखल बसेल, विरोधकाच्या तोंडी नाही. एकच शब्द दोघांच्या तोंडी घालायचा असेल तर त्याला स्वतःचं मत नसावं. ‘टीप’ला मत नाही. त्यावरचं ओझं हा इथे दोष नाही, उलट त्यामुळेच तो कोरडा राहिलाय.

प्रश्नकर्ती :
हे पटलं. पण मग इंग्रजीतही टिप म्हणजे मुळात मर्जीचेच पैसे ना? तिथे ‘मजुरीचा भाग’ कसं म्हणवतं?

प्रतिसाद :
कारण तिकडे कायद्यानेच तसं केलंय. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार सर्वसाधारण किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून २.१३ डॉलर दिले तरी चालतात. उरलेली दरी टिपेने भरते असं गृहीत. नाही भरली तर मालकाने भरून द्यायची. ही सवलत १९६६ च्या दुरुस्तीतून आली, आणि २.१३ हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत मात्र ही सूट नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

आता याला बक्षीस म्हणून पाहा. ग्राहकाने मर्जीने दिलेल्या पैशातून मालकाची देणी फिटतायत. लेखकाचा राग तिथेच असणार. टेबलावर पैसे ठेवणारा समजतो की आपण वेटरला दिले, आणि त्यातला एक हिस्सा मालकाच्या पगारखर्चात जिरतो.

प्रतिसाद :
टिप हे ‘टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ची आद्याक्षरं आहेत असं वाचलंय. म्हणजे तत्पर सेवेसाठी आगाऊ. मग ‘तत्परता-शुल्क’?

प्रतिसाद :
ही गोष्ट हॉटेलाइतकीच खपते, पण खोटी आहे. इंग्रजी कोशांप्रमाणे ‘देणे, सरकवणे’ या अर्थाचं हे क्रियापद सतराव्या शतकातल्या चोराचिलटांच्या बोलीतलं. आद्याक्षरांपासून शब्द घडवण्याची हौस त्यानंतर खूप उशिरा आली. शिवाय खात्री करायला इंग्रजीत ‘एन्शुअर’ लागतं, मग शब्द ‘टेप’ झाला असता. तत्परता-शुल्क कृपया नको.

प्रतिसाद :
गंमत म्हणजे युरोपात हे पैसे बहुतेक ठिकाणी पेयाच्या नावाने ओळखले जातात. जर्मन ‘ट्रिंकगेल्ट’ म्हणजे पिण्याचे पैसे, फ्रेंच ‘पुरब्वार’ म्हणजे प्यायला, रशियन ‘चायेव्ये’ म्हणजे तर सरळ चहाचे. आपल्याकडे ‘चहापाणी’ तयारच होतं की!

प्रतिसाद :
होतं, आणि ते टेबलाखाली गेलं. ‘साहेबांच्या चहापाण्याचं बघा’ म्हटल्यावर कोणाला वेटर आठवत नाही. ‘चिरीमिरी’चं तेच, ‘वरचे पैसे’चंही तेच. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त दिलं की आपल्या भाषेला लाच दिसते. तेही एक मत आहेच म्हणा, आणि टीप-विरोधकांना ते आवडेलही, पण भाषांतरात घुसवू नका.

‘पोस्त’ हाही शब्द आहे, सणाला नोकराचाकरांना देतात ती. पण ती वर्षाकाठची. जेवणामागे पोस्त होत नाही.

प्रश्नकर्ती :
मग ‘ग्रॅच्युइटी’? तसंच ठेवलं तर वाचक निवृत्तीपर्यंत पोचतो.

प्रतिसाद :
पोचणारच. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे त्या शब्दाला नोकरीअखेरच्या रकमेशी बांधून टाकलं, सरकारी मराठीत ‘उपदान’. पण जरा थांबून बघण्यासारखं आहे हे. ग्रॅच्युइटी म्हणजे मुळात कृपा, अनुग्रह. मालकाच्या मर्जीने मिळायची ती गोष्ट कायद्याने हक्क झाली, आणि नाव मात्र कृपेचंच राहिलं. आज मालकाने ‘माझी मर्जी’ म्हटलं तर कामगार दाद मागू शकतो.

मराठीतही असा प्रवास झालेला एक शब्द आहे, ‘बिदागी’. निरोप देताना हातावर ठेवायची ती. पुढे गवयाची, कीर्तनकाराची बिदागी आधी ठरू लागली, आणि आता बिदागी म्हणजे कलाकाराचं मानधन. कोणी ती बुडवली तर ‘मर्जी नव्हती’ असं म्हणून सुटत नाही. म्हणून ‘देणगीचा शब्द मजुरीला चालणारच नाही’ हे मला मान्य नाही. चालतो, पण आधी व्यवहार बदलावा लागतो. बक्षिसीचा व्यवहार तसा बदललेला नाही. वेटरसाठी ‘बिदागी’ लिहू नका मात्र, निरोप वेटरचा नसतो, ग्राहकाचा असतो.

प्रतिसाद :
सेवाशुल्काबद्दल कोणीच बोललं नाही. तिथे खरा गोंधळ आहे. लोक ‘सेवाकर’ आणि ‘सेवाशुल्क’ एकच समजतात. कर सरकारचा होता, १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला. शुल्क रेस्टॉरंटचं. ते बिलात परस्पर जोडू नये, ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

आता प्रश्न असा : ऐच्छिक असेल तर त्याला ‘शुल्क’ म्हणावं का? परीक्षा शुल्क, नोंदणी शुल्क, कुठलंही शुल्क ऐच्छिक असल्याचं ऐकलंय?

प्रतिसाद :
मी तर ‘दस्तुरी’ सुचवतो. दस्तूर म्हणजे रिवाज, दस्तुरी म्हणजे व्यवहारामागे रिवाजाने ठरलेल्या दराने घेतलेला वाटा. मर्जी नाही, कर नाही, टक्केवारी आहे. सर्व्हिस चार्जला याहून चपखल काय?

प्रतिसाद :
शब्द सुंदर, पण वाचक दलाल समजेल. शिवाय दस्तुरी घेणाऱ्याच्या पदरात पडते. सर्व्हिस चार्ज वेटरच्या पदरात पडेलच असं नाही, भांडण त्यावरच आहे.

अमेरिकी कर खात्याने टीप आणि सेवाशुल्क वेगळं काढायला चार कसोट्या लावल्या आहेत. देणाऱ्यावर सक्ती नसावी. किती द्यायचे ते त्यानेच ठरवावं. रक्कम घासाघीस करून किंवा मालकाच्या धोरणाने ठरलेली नसावी. आणि कोणाला मिळावी हे ठरवण्याचा अधिकार साधारणपणे देणाऱ्याकडे असावा. मोठ्या गटाच्या बिलात आपोआप जोडलेली टक्केवारी या कसोट्यांवर टीप ठरत नाही, मग पावतीवर तिला काहीही म्हणोत. ती मालकाची जमा, आणि त्यातून वेटरला दिली तर पगार. ब्रिटनने उलट केलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला कायदा टीप, ग्रॅच्युइटी आणि सर्व्हिस चार्ज तिन्ही एका दावणीला बांधतो आणि मालकाला सांगतो, यातलं काही ठेवायचं नाही, कामगारांत न्याय्य वाटायचं.

तुमचा लेख यातल्या कुठल्या देशाबद्दल आहे त्यावर शब्द अवलंबून. अमेरिकेबद्दल असेल तर टीप आणि सेवाशुल्क यांची सरमिसळ एकाही वाक्यात परवडणार नाही.

प्रतिसाद :
एवढा काथ्याकूट कशाला? वेटरला विचारा, तो म्हणेल नाव काहीही ठेवा, रोख द्या.

प्रश्नकर्ती :
अमेरिकेबद्दलच आहे. तर ठरवलं : टिपला ‘टीप’, सर्व्हिस चार्जला ‘सेवाशुल्क’, ग्रॅच्युइटी येईल तिथेही ‘टीप’च, फक्त बिलात छापून येते तिथे ‘बिलात जोडलेली रक्कम’. ‘बक्षिसी’ एकाच ठिकाणी, प्रथेच्या समर्थकाचं म्हणणं मांडताना. शेवटची शंका. ‘टिप’ की ‘टीप’? आणि ‘टिपचे पैसे’ की ‘टिपेचे’?

प्रतिसाद :
अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, म्हणून ‘टीप’. सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : तळटीप, तळटिपेत. त्या न्यायाने ‘टिपेचे पैसे’. बोलताना सगळे ‘टिपचे’च म्हणतात, आणि संवादात तसंच राहू द्या. एवढंच बघा की ‘टिपेचा वाद टिपेला पोचला’ असलं वाक्य कुठे होऊन बसत नाही ना.