मदत हवी आहे: पहाटेच्या नोंदी आदल्या दिवशी दिसतात (जँगो + मायएसक्यूएल)

दूध वाटपाचा हिशेब ठेवणारं छोटं अ‍ॅप आहे, पायथनच्या जँगो फ्रेमवर्कवर, डेटाबेस मायएसक्यूएल. वाटप पहाटे ४ ला सुरू होतं आणि सगळा घोळ तिथेच. पहाटे ४:४५ ची नोंद डेटाबेसमध्ये यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), म्हणजे आदल्या रात्रीच्या २३:१५ ला पडते. त्यामुळे ५:३० च्या आधीचं दूध कालच्या रिपोर्टात जातं आणि गिऱ्हाईक बिलावरून भांडतं.

सेटिंग्जमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' केला, यूज-टीझेड (वेळा यूटीसीत साठवून दाखवताना स्थानिक करणारी जँगोची सेटिंग) चालूच आहे. स्क्रीनवरच्या वेळा बरोबर आल्या, पण तारखेनुसार फिल्टर लावला की यादी रिकामी! ट्रंक-डे (वेळेतून दिवस काढणारं जँगोचं फंक्शन) वापरलं तर एररच येते: 'डेटाबेसमध्ये टाइमझोनच्या व्याख्या इन्स्टॉल आहेत का?' अशा अर्थाची. थेट क्वेरी मारून पाहिली, कन्व्हर्ट-टीझेड (वेळ एका टाइमझोनमधून दुसऱ्यात नेणारं मायएसक्यूएलचं फंक्शन) नल, म्हणजे रिकामं उत्तर देतंय. म्हणजे मायएसक्यूएलची टाइमझोन टेबलं रिकामी आहेत. ती भरायला रूट अ‍ॅक्सेस लागतो, आणि शेअर्ड होस्टिंगवाले तो देत नाहीत. विचारून झालंय.

एका दिवसाच्या रिपोर्टापुरता तोडगा काढलाय: दिवसाची सुरुवात आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात पायथनमध्ये काढून त्यांच्यामधल्या नोंदी घेतो. हे नीट चालतं.

अडलंय ते महिन्याच्या बिलावर. तिथे तारखेनुसार ग्रुप करून बेरीज हवी. यूज-टीझेड बंद करायचं नाही, जुना डेटा यूटीसीत आहे. होस्टिंगही सध्या बदलता येणार नाही.

टाइमझोन टेबलांशिवाय हे ग्रुपिंग क्वेरीतच कसं करावं? की भारतीय तारखेचा वेगळा, इंडेक्स असलेला कॉलम ठेवणंच बरं?