उंचीचा दोष नाही, पश्चिमेकडच्या काचेचा आहे

लोअर परळ-वरळीचे नवे आलिशान टॉवर देखणे असले तरी मुंबईचे वाटत नाहीत, असं एकाने लिहिलंय ते अगदी पटलं. पण 'इतकं उंच बांधायचं तर असंच होणार' ही त्याने पुढे जोडलेली पुस्ती मान्य नाही. दक्षिण मुंबईत कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, १९८३ साली पूर्ण झालेली, ८४ मीटर उंच आणि फ्लॅट फक्त ३२. म्हणजे तीही श्रीमंतांसाठीच. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून हा प्रश्न सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजली उंच करून टॉवरच्या कोपऱ्यांत बसवला. लांबून जे मोठे चौकोनी खाचे दिसतात ना, ते शोभेसाठी नाहीत. घराला सावली आणि वारा मिळावा म्हणून आहेत.

ओळखीतल्या एका कुटुंबाचा फ्लॅट अलीकडच्या टॉवरमध्ये आहे, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. दुपारी जाड पडदे ओढून एसी लावल्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही. ज्या समुद्रासाठी एवढी किंमत मोजली, तो ऐन दिवसा बघता येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. खाली पार्किंगचे मजले रस्त्याला कोरी भिंत दाखवतात, तो वेगळाच विषय. पण वास्तुकलेचंच बोलायचं तर टॉवरच्या टोकाचा आकार मी शेवटी बघेन, आधी पश्चिमेच्या भिंतीला सावली कुठून मिळते ते.