शब्दचर्चा: ‘शीतकरण’ की ‘निववणे’? आणि कंटेनमेंटला काय म्हणावे?

प्रश्न (राजापूरहून)
माडबनच्या प्रस्तावित अणुवीज प्रकल्पावर आमच्या वाचनालयासाठी चार पानी टिपण लिहितेय. ‘इमर्जन्सी कोअर कूलिंग’ला, म्हणजे भट्टीचा इंधन असलेला गाभा अडचणीच्या वेळी थंड करण्याला, सगळे ‘आपत्कालीन गाभा शीतकरण’ लिहितात. आत्याला वाचून दाखवलं, तर तिला बर्फाचा कारखाना आठवला. दुसरा शब्द ‘कंटेनमेंट’, म्हणजे किरणोत्सार आत धरून ठेवणारी भट्टीभोवतीची भिंत. कोरोनात ‘कंटेनमेंट झोन’ म्हणजे ‘प्रतिबंधित क्षेत्र’ होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला गावाभोवतीचं कुंपण वाटतं. काय लिहू?

उत्तर (मालवणहून)
ताई, ‘निववणे’ लिहा. पेज आपण थंड करत नाही, निववतो. वस्तू आधीच तापलेली आहे आणि तिची उष्णता जायला वेळ लागतो, हे त्या क्रियापदातच आहे. अणुभट्टीत नेमकं तेच होतं. नियंत्रक दांडे गाभ्यात गेले की विखंडनाची, म्हणजे अणू फुटण्याची साखळी तुटते, पण तोवर तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या ६-७ टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्धा टक्का. तुमच्या माडबनच्या, म्हणजे जैतापूर प्रकल्पाची ईपीआर (फ्रेंच बनावटीची) भट्टी १,६५० मेगावॉट विजेची, म्हणजे उष्णता साडेचार हजारांच्या घरात. त्याचे सहा टक्के पावणेतीनशे मेगावॉट होतात. तारापूरच्या १९६९ च्या भट्टीची विजेची क्षमताच १६० आहे!

म्हणून ‘भट्टी बंद झाली’ एवढ्यावर वाक्य कधीच सोडू नका. ११ मार्च २०११ ला जपानमधल्या फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंपाबरोबर आपोआप बंदच झाल्या होत्या. नंतर त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरांत शिरलं, पंप थांबले, आणि गाभा निववायचा राहिला.

पुन्हा राजापूरहून
‘निववणे’ आत्याला लगेच कळलं. या उष्णतेला ‘निखारा’ म्हणू का?

मालवणहून
‘उरलेली धग’ म्हणा. निखारा पाण्याने विझतो. ही धग विझवता येत नाही, ती आपल्या गतीनेच उतरते. तोवर पाणी फिरतं ठेवणं एवढंच माणसाच्या हातात.

उत्तर (अलिबागहून)
कंटेनमेंटसाठी आमच्याकडचा ‘बंदिस्ती’ घ्या, खारबंदिस्तीतला. फरक दिशेचा आहे: खारबांध भरतीला बाहेर ठेवतो, ही बंदिस्ती आतलं आत ठेवते. तो एका वाक्यात सांगावा लागेल, पण शब्द खारेपाटातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

‘कवच’ सरसकट वापरू नये असं माझं ठाम मत आहे. कवच बाहेरून येणारा घाव झेलतं. ईपीआरला दोन भिंती असतात. बाहेरची विमान आदळण्यासारख्या आघातासाठी, तिला कवच खुशाल म्हणा. आतली भिंत वाफेचा दाब आणि किरणोत्सार धरून ठेवते, ती बंदिस्ती. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात सुमारे निम्मा गाभा वितळला, तरी बंदिस्ती टिकली. फुकुशिमाच्या चित्रफितींत उडताना दिसतं ते बाहेरच्या इमारतीचं छप्पर. इंधननळ्यांचं झिर्कोनियम आणि वाफ यांतून हायड्रोजन झाला होता, त्याचा तो स्फोट. त्याला ‘अणुस्फोट’ म्हणणं साफ चूक.

आणि हे दोन शब्द टिपणात वेगवेगळ्या पानांवर टाकू नका. निववणं थांबलं की वाफ वाढते, दाब बंदिस्तीवर येतो. दाब फारच चढला तर गाळणी लावलेल्या वाटेने थोडी वाफ सोडण्याची सोय काही ठिकाणी असते. तिलाही आपल्याकडे शब्द आहे: उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी सोडते ती.

राजापूरहून
आभार, काका. ‘सुरक्षा विश्लेषण’चं ‘सुरक्षितता विश्लेषण’ केलं, नाहीतर पहारेकऱ्यांची मोजणी वाटते. काल आत्याला सगळं पुन्हा वाचून दाखवलं. उघाडीपाशी तिने थांबवलं आणि विचारलं, “ती उघडायची कोणी, नि गावाला आधी सांगणार कोण?” टिपणात तिचा प्रश्न तसाच घेतलाय. पुढचं पान त्यालाच दिलंय.