कुत्र्याचं पोट सारखं बिघडतंय: आधी खाणं बदलायचं की आधी टेस्ट?

सुदामानगरकर
आपल्या इंदौरच्या मराठी घरांमधे एक प्रकार सारखा बघतोय म्हणून धागा काढला. कुत्र्याला जुलाब लागतात, मेट्रोनिडाझोल (अँटिबायोटिक) मिळतं, शी घट्ट होते, सगळे खुश, थोड्या दिवसांनी परत तेच. वर्ष असंच निघून जातं आणि मग कोणीतरी एकदम एंडोस्कोपी नी बायोप्सी सुचवतं. माझं मत विचाराल तर तीन आठवड्यांपेक्षा जास्त पोट बिघडलेलं असेल, आणि कुत्रा बाकी खेळतोय, खातोय, वजन धरून आहे, तर पहिली टेस्ट म्हणजे त्याचं ताट. दोन आठवडे एकच खाणं द्यायचं, हायड्रोलाइज्ड प्रोटीनवालं (प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखूच येत नाहीत) किंवा त्यानं जन्मात न खाल्लेलं एखादं प्रोटीन. बाकी काही म्हणजे काहीच नाही. जुनाट जुलाबवाल्या कुत्र्यांतले निम्म्याहून जास्त नुसत्या खाण्यानं सुधारतात, आणि पोटाचा फरक सहसा दोन आठवड्यांत दिसतो, अॅलर्जीच्या खाजेला लागतात तसे दोन महिने थांबावं लागत नाही. आमचा गुंडू (लॅब) असाच सुधारला.
पण ही खाण्याची ट्रायल फसते ती आपल्या घरात. बाबा पोह्यातली शेव टाकतात, कामवाल्या मावशी शिळी पोळी देतात, मुलं बिस्कीट देतात, नी मग आपण म्हणतो फूडनी काही फरक पडला नाही बुवा.

महूनाक्यावरून
भिया, तुमचा लॅब सुधारला, आनंद आहे. पण "आधी ताट" हा सल्ला सगळ्यांना देऊ नका. आमची जर्मन शेफर्ड बघून या. भसाभस खायची आणि तरी बरगड्या मोजता येत होत्या, शी ढीगभर, फिकट, तेलकट, आणि स्वतःचीच खायला जायची. आम्ही पण हुशारी करून खाणं बदलत बसलो, कधी मासे कधी अंडं कधी महागडं पाकीट, आणि ती वाळत चालली होती. शेवटी टीएलआय नावाची रक्ताची टेस्ट केली, उपाशीपोटी रक्त घेतात, तर निघालं की स्वादुपिंड एन्झाइमच बनवत नाहीये. ईपीआय म्हणतात त्याला, शेफर्डमधे वंशातून येतं. आता प्रत्येक जेवणावर एन्झाइमची पावडर, बी१२ वेगळं, आणि वजन परत आलंय. आता सांगा ह्यात तुमचं हायड्रोलाइज्ड काय करणार होतं? पचवायला एन्झाइमच नाही तर ताटात अमृत वाढा.

सुदामानगरकर
मी "वजन धरून आहे" असं लिहिलंय की. तुमची शेफर्ड वाळत होती, ती माझ्या वाक्यात बसतच नाही.

महूनाक्यावरून
वाचणारा तेवढंच वाक्य नेमकं सोडतो ना पण.

नलूआजी
आमच्याकडे लोकमान्य नगरात पंचेचाळीस वर्षं कुत्री होती, सगळी दहीभात नी उरलेल्या पोळ्यांवर वाढली, कोणाला हायड्रो का काय ते लागलं नाही. पोट बिघडलं की एक दिवस लंघन, दुसऱ्या दिवशी ताकभात. हल्ली तुम्ही लोकं कुत्र्याला माणसापेक्षा जास्त औषधं देता.

पगारपुरता
आजी नमस्कार. पण त्यातली किती कुत्री दहा वर्षं जगली ते पण सांगा 🙂
मुद्दा पैशाचा आहे पण. ते स्पेशल पाकीट मोठ्या कुत्र्याला महिनाभर घालायचं म्हणजे घरच्या किराण्याएवढा खर्च. आणि आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही, मी गच्चीवर वेगळ्या शेगडीवर चिकन उकडतो तर आई तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. घरचा चिकनभात द्यायला काय हरकत आहे?

सुदामानगरकर
@नलूआजी लंघन-ताकभात एखाद्या दिवसाच्या बिघाडाला चालून जात असेल आजी, तिथे वाद नाही. पण महिनोन् महिने बिघडलेल्या पोटाला दूध-दही हीच अडचण असू शकते. कुत्र्यांना ज्या गोष्टी बाधतात त्यात बीफ, दूध, चिकन, गहू ही नावं वर आहेत. म्हणजे आपण लाडानं जे देतो तेच.
@पगारपुरता तेच उत्तर तुम्हालाही. कुत्रा आधीपासून चिकन खात असेल तर चिकनभात ही ट्रायल होतच नाही. मासे चालतील, जर आधी दिले नसतील तर. आणि काही हायड्रोलाइज्ड खाण्यांत प्रोटीन सोयाचं असतं, आईंना तेवढं सांगून बघा. घरचं खाणं दोन आठवडे ठीक, पण पुढे वर्षभर नुसता मांसभात दिलात तर कॅल्शियम नी बरंच काही कमी पडतं, ते कोणा जाणकाराकडून आखून घ्यावं लागतं.

प्राण्यांची_डॉक्टर
इथेच प्रॅक्टिस करते म्हणून लिहिते. सुदामानगरकरांचा मुद्दा मला पटतो, पण "आधी हे की आधी ते" ही भांडणाची मांडणीच चुकीची वाटते. पहिल्याच दिवशी रक्ताची नी शीची साधी तपासणी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), हे स्वस्तातलं काम आहे आणि त्याच दिवशी खाणं बदलायला कोणी अडवलंय? अल्ब्युमिन दोनच्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली असेल तर आतड्यातून प्रोटीन गळत असू शकतं, तिथे घरी दोन आठवडे वाट बघणं जिवावर बेतू शकतं, पोटात पाणी होतं, रक्ताच्या गुठळ्या होतात. शीच्या बाबतीत एक सांगते, जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) रोज बाहेर पडत नाही, एका नमुन्यात दिसला नाही म्हणजे नाही असं नसतं, वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. (शहर स्वच्छतेत पहिलं म्हणून सगळे शी लगेच उचलून फेकतात, डबीत घालून आणा म्हटलं की तोंड वाकडं करतात.)
अजून एक जण सगळ्यांना फसवतो, अॅडिसन (ह्या आजारात शरीरात कॉर्टिसोल हार्मोन कमी पडतं). येतो जातो येतो जातो, कधी उलटी कधी जुलाब कधी नुसती मरगळ, सलाइन लावलं की दोन दिवस छान. साध्या कॉर्टिसोलच्या टेस्टमधे आकडा दोनच्या (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) वर आला की तो बहुतेक बाजूला काढता येतो. कमी आला तर मात्र पुढची टेस्ट लागते, नुसत्या कमी आकड्यावर नाव लावत नाही आम्ही.

महूनाक्यावरून
मॅडम राग मानू नका पण मग मेट्रोनिडाझोल दर वेळी का लिहितात तुमच्यातले? आम्हाला तीन ठिकाणी तेच मिळालं.

प्राण्यांची_डॉक्टर
कारण समोरचा म्हणतो उद्या घरी पाहुणे आहेत, आज रात्रीपर्यंत शी घट्ट करा. आणि ती होते सुद्धा. पण आतड्यातले चांगले जंतूही त्यात मरतात आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी तपासलं तरी आधीसारखे जमलेले नसतात. जुनाट जुलाबात ते पहिलं औषध नसावं हे मान्य, मी पण आता हात आखडता घेते. पण तुम्ही लोक पण "गोळी नाही दिली, मग फी कसली" असं म्हणायचं थांबवा.

राजेंद्रनगर_फाटा
ह्या सगळ्यात स्टेरॉईडवर कोणीच का बोलत नाहीये. माझ्या बहिणीच्या बॉक्सरला प्रेडनिसोलोन चालू केलं, आठ दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागला. इतका त्रास करून ट्रायल नी टेस्ट कशाला.

प्राण्यांची_डॉक्टर
उड्या मारणारच. प्रेडनिसोलोननं आतड्याचा लिम्फोमा (एक कॅन्सर) सुद्धा काही दिवस दबतो, आणि नंतर बायोप्सी केली तर रिपोर्ट गोंधळाचा येतो. बॉक्सरमधे तर एक प्रकारचा कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या ई. कोलाय जंतूंमुळे होतो, तिथे योग्य अँटिबायोटिक हाच उपाय, स्टेरॉईडनं उलट नुकसान. स्टेरॉईड लागतं, बऱ्याच कुत्र्यांना लागतं, पण रांगेत त्याचा नंबर मागे आहे.

राजेंद्रनगर_फाटा
म्हणजे बायोप्सी आधी. भूल देऊन. नऊ वर्षांच्या कुत्र्याला. मी असतो तर नसती केली, सॉरी. शेवटची दोन वर्षं त्यानं सुखानं खावं की टेबलवर पडून राहावं.

सुदामानगरकर
इथे मी फाट्याच्या बाजूनी आहे थोडा. म्हातारा कुत्रा असेल, सोनोग्राफीत गाठ नाही, खाणं बदलून झालं, बी१२ देऊन झालं, तर मालकानं समजून उमजून स्टेरॉईड निवडलं तर त्याला कोणी बोलू नये. पण समजून उमजून, आठव्या दिवशीच्या उड्या बघून नव्हे.

प्राण्यांची_डॉक्टर
त्याला माझी ना नाही. बायोप्सी नको म्हणणारे कितीतरी येतात, मी फक्त आधी लिहून घेते की काय सुटू शकतं ते सांगितलंय. आणि बी१२ चं नाव निघालंच आहे तर, ते कमी असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही कुत्रा नीट वर येत नाही. इंजेक्शनच हवं असं नाही, गोळ्यांनीही भरून निघतं.

पगारपुरता
एक साधी शंका. ट्रायल चालू असताना जंताची ती चघळायची गोळी चालते का? आमचा ती लाडू समजून खातो.

सुदामानगरकर
लाडू समजून खातो कारण तिला मांसाचा वास-चव लावलेली असते. ट्रायलमधे साधी गोळी मागून घ्या. टूथपेस्ट नी चघळायची हाडं पण बंद.

नलूआजी
आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोण सांगणार? आमचे हे जेवताना एक घास खाली टाकल्याशिवाय पाणी पीत नाहीत.

सुदामानगरकर
काकांना टाकू द्या आजी, फक्त ट्रायलच्याच खाण्यातले दाणे एका वाटीत काढून त्यांच्या पानाशेजारी ठेवा. आमच्या बाबांना हेच केलं. पहिले दोन दिवस कुरकुर केली, मग त्यांचाच पहारा इतका कडक की पाहुण्यांच्या हातातलं बिस्कीट काढून घेतात.

छोटी_ग्वालटोली
आमचा पग रोज पहाटे पिवळं पाणी ओकतो, नंतर एकदम ठणठणीत, शी पण छान. ह्याला ट्रायल की टेस्ट?

महूनाक्यावरून
टेस्ट.

सुदामानगरकर
😀 रात्री किती वाजता जेवतो? संध्याकाळी सातला जेवून सकाळपर्यंत उपाशी असेल तर झोपायच्या आधी थोडं द्या, रिकाम्या पोटी पित्त चढतं त्यातलं वाटतंय.

प्राण्यांची_डॉक्टर
तसं करून बघा आठवडाभर. थांबलं नाही, किंवा दिवसाही ओकायला लागला, खाणं कमी झालं, तर महूनाक्यावरून म्हणतात ते ऐका.